रोमन हॉलिडे आणि न सांगितलेली नावं

माझ्या वयाच्या बाईला आवडता सिनेमा विचारला की लोकांची उत्तराची तयारी आधीच झालेली असते. ‘कुंकू’, ‘सांगत्ये ऐका’, फार तर ‘बंदिनी’. मी ‘रोमन हॉलिडे’ म्हटलं की समोरचा माणूस जरा दचकतो. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, तालुक्याच्या गावी छत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेली बाई, आणि हिला इंग्रजी सिनेमा आवडतो! तोही प्रेमाचा!

आवडतो खरा. पण का आवडतो, याचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत तीनदा बदललं. ते तीनही वेळचं उत्तर आज लिहून काढायचं ठरवलं आहे. शेवटचं उत्तर मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून जरा हात अडखळतो आहे. असो. सुरुवात तर करते.

पहिल्यांदा पाहिला तो १९७३ साली. कोल्हापूरला बी.एड. संपवून मी पुण्याला मावशीकडे आले होते. जूनमध्ये शाळेत रुजू व्हायचं होतं. मावसबहीण इंग्रजी माध्यमातली. तिनं रविवारी सकाळी मॅटिनीला नेलं. मला त्यातलं इंग्रजी निम्मंही कळत नव्हतं. ती कानाशी लागून भाषांतर करत होती आणि मागच्या रांगेतले लोक “शू शू” करत होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. कुठल्याशा (नाव दिलेलंच नाही) देशाची राजकन्या ॲन युरोपच्या दौऱ्यावर रोमला आलेली असते. रोज तेच स्वागत, तीच भाषणं, तेच हस्तांदोलन. पहिल्याच प्रसंगात पाहुण्यांची रांग संपता संपत नाही आणि तिच्या लांब झग्याखाली तिची एक चप्पल पायातून निसटते. वरून चेहरा हसरा, खाली पाय चप्पल शोधतोय! सगळं थिएटर हसलं, आणि तिथेच ती आपली झाली. रात्री ती वैतागून रडते, डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात, पण औषध चढायच्या आत ती खिडकीतून निसटून शहरात पळते. जो ब्रॅडली नावाच्या अमेरिकन बातमीदाराला ती रस्त्याकडेला पेंगताना सापडते. हिला दारू चढली आहे असं समजून तो नाइलाजानं तिला आपल्या खोलीवर नेतो. सकाळी वर्तमानपत्रातला फोटो पाहून त्याची ट्यूब पेटते. लाखमोलाची बातमी आपल्या बिछान्यात झोपलेली आहे! तो संपादकाशी सौदा करतो, फोटोग्राफर मित्राला बोलावतो, आणि आपण कोण हे न सांगता तिला दिवसभर रोम दाखवतो. मित्र सिगारेटच्या लायटरमध्ये लपवलेल्या कॅमेऱ्यानं तिचे फोटो काढत राहतो. तीही आपण कोण हे सांगत नाही. दोघंही खोटं बोलत असतात आणि तरीही संध्याकाळपर्यंत एकमेकांवर जीव जडतो.

आणि मग ती परत जाते. कर्तव्य म्हणून. दुसऱ्या दिवशी पत्रकारांच्या भेटीचा कार्यक्रम असतो, तिथे त्याला समोर पाहून तिला कळतं की हा बातमीदार आहे. भरल्या सभेत, सगळ्यांसमोर, दोघं फक्त औपचारिक वाक्यं बोलतात. तो बातमी देणार नाही हे तो त्या औपचारिक शब्दांतूनच तिला सांगतो. मित्र फोटोंचं पाकीट “रोमची आठवण” म्हणून तिच्याच हातात देतो. ती जाते. तो त्या लांबच लांब दालनातून एकटाच चालत बाहेर पडतो. संपलं.

थिएटरबाहेर आल्यावर मी मावसबहिणीवर चिडलेच. “हे काय! लग्न नाही झालं त्यांचं?” आम्ही ‘चोरी चोरी’ बघून वाढलेल्या मुली. पळून गेलेली श्रीमंत मुलगी आणि बातमीदार ही जोडी आमच्या ओळखीची होती. १९५६ चा ‘चोरी चोरी’ ज्यावरून घेतला तो १९३४ चा अमेरिकन सिनेमा फ्रँक काप्रा यांचा, आणि त्यात शेवट गोड होतो. (गंमत म्हणजे ‘रोमन हॉलिडे’ची कथाही आधी काप्रांकडेच गेली होती.) इथे मात्र कुणी कुणाला अडवत नाही, खलनायक नाही, दुष्ट बाप नाही, आणि तरीही ताटातूट. बावीस वर्षांच्या मला ते फार लागलं. रात्री झोप आली नाही. तेव्हाचं माझं उत्तर: हा सिनेमा मला आवडतो कारण तो रडवतो.

दुसऱ्यांदा पाहिला तो १९८८ साली, दिरांकडे, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोन मुलं. आमच्या ह्यांना सिनेमातलं प्रेम वगैरे काही दिसलं नाही, स्कूटर दिसली. राजकन्या व्हेस्पा चालवते आणि टेबलं, गाड्या, चित्रकाराचं चित्र सगळं उधळत जाते, तो प्रसंग ह्यांनी तीनदा मागे नेऊन पाहिला. “अगं, ही तर आपलीच!” आणि ते खोटं नव्हतं. पियाज्जो कंपनीनं व्हेस्पा आणली १९४६ साली. युद्धानं पोळलेल्या इटलीत लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. तीच स्कूटर नंतर बजाजनं परवाना घेऊन आपल्याकडे बनवली, आणि १९७२ पासून आलेली चेतक तिचीच लेक. ह्यांनी १९७९ साली नंबर लावला होता, स्कूटर दारात आली १९८६ साली. सात वर्षं! राजकन्येला मात्र एका सकाळीत मिळाली, याचा ह्यांना मनापासून राग आला होता.

त्या वेळी मला सिनेमातलं रोम दिसलं. मी इतिहासाची शिक्षिका, मला जुने दगड दिसणारच. पण पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की त्या सिनेमात दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमपेक्षा १९५२ चं रोम जास्त महत्त्वाचं आहे. तोपर्यंत हॉलिवूडचे लोक परदेशातली गोष्टही बहुधा स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या भिंतींवर करत. हा सिनेमा मात्र सगळाच्या सगळा रोममध्ये घेतला, आणि सुरुवातीलाच पडद्यावर तसं अभिमानानं लिहिलंय. त्यामागे कलेइतकाच पैशाचाही हिशेब होता. युद्धानंतर इटलीनं अमेरिकन कंपन्यांना तिथल्या कमाईचा सगळा पैसा बाहेर न्यायला बंदी घातली होती. न्यायचा नाही तर इथेच खर्च करा! म्हणून कंपन्या तिथे जाऊन सिनेमे काढू लागल्या. रंगीत करण्याइतका पैसा नव्हता म्हणून सिनेमा कृष्णधवल राहिला. मला तर वाटतं, बरंच झालं.

त्यात एक भिंत आहे, नवसाच्या पाट्या लावलेली. युद्धात विमानांचा हल्ला झाला तेव्हा एक माणूस आपल्या लेकरांना घेऊन त्या भिंतीला बिलगला, देवाचा धावा केला आणि सगळे वाचले, म्हणून नंतर येऊन त्यानं पाटी लावली, असं जो तिला सांगतो. हलक्याफुलक्या सिनेमात मधेच ही भिंत का, असं मला वाटे. मग कळलं, की हा सिनेमा करणारी माणसंच त्या भिंतीजवळून आलेली होती.

ऑड्री हेपबर्नचं बालपण युद्धात नेदरलँड्समध्ये गेलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या त्या भागात जी भीषण उपासमार झाली, त्यातून ती पोरगी वाचली होती. आइसक्रीम खाताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो बघा एकदा. दिग्दर्शक विल्यम वायलर युद्धात विमानातून माहितीपट चित्रित करत होते, त्यात त्यांच्या एका कानाची ऐकण्याची शक्ती कायमची गेली. ऑड्री तेव्हा अगदीच नवखी. पडद्यावर तिची चाचणी घेतली ती लंडनजवळ, १९५१ साली. प्रसंग संपला असं सांगूनही कॅमेरा चालूच ठेवला होता, आणि आपण सुटलो असं समजून ती जी मोकळेपणी हसली, बोलली, तेच बघून तिला घेतलं. ग्रेगरी पेक नावाजलेले नट. करारानुसार जाहिरातीत वर त्यांचं एकट्याचं नाव यायचं होतं. त्यांनी आपणहून सांगितलं की या मुलीचंही नाव माझ्याबरोबर वरच लावा. मार्च १९५४ मध्ये तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

आणि सिनेमातली गोष्ट कुणाला कल्पित वाटू नये म्हणून की काय, त्याच वर्षी, १९५३ साली, इंग्लंडच्या राजकन्या मार्गारेट आणि ग्रुप कॅप्टन पीटर टाउनसेंड यांचं प्रकरण जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये मार्गारेटनं आपण त्यांच्याशी लग्न करणार नसल्याचं जाहीर केलं. सिनेमा आधी लिहिला गेला होता, आयुष्य मागून आलं. फरक एवढाच की खऱ्या राजकन्येच्या वाट्याला बातमी दडपणारा बातमीदार आला नाही.

तर १९८८ सालचं माझं उत्तर: हा सिनेमा आवडतो कारण त्यात कर्तव्य आहे. संसारात बुडालेल्या बाईचं उत्तर. राजकन्या परत जाते, तशा आपणही रोज सकाळी परत जातोच की!

आता तिसरं उत्तर.

२०२० साली टाळेबंदीत नात आमच्याकडेच अडकली होती. ती सतरा वर्षांची, मी एकोणसत्तरची. हे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. रात्री आम्ही दोघी तिच्या लॅपटॉपवर सिनेमे बघायचो. खाली अक्षरं येतात, त्यामुळे मला पहिल्यांदाच एकही वाक्य न गाळता ‘रोमन हॉलिडे’ कळला. सुरुवातीची नावं येत असताना नात म्हणाली, “आजी, हा डाल्टन ट्रंबो म्हणजे तोच ना, ज्याच्यावर सिनेमा आलाय?” मला ते नाव पूर्वी वाचल्याचं आठवेना. आठवणार कसं? १९७३ सालच्या त्या प्रतीत ते नव्हतंच!

दुसऱ्या रात्री तिनं मला २०१५ चा ‘ट्रंबो’ दाखवला, आणि मग मी महिनाभर मिळेल ते वाचत बसले. थोडक्यात सांगते.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत साम्यवाद्यांची भीती पसरली. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेच्या एका समितीनं हॉलिवूडच्या लोकांना वॉशिंग्टनला बोलावून विचारायला सुरुवात केली: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होता का? ट्रंबो त्या वेळी हॉलिवूडच्या सर्वांत महागड्या लेखकांपैकी एक. ते १९४३ साली पक्षात गेले होते, म्हणजे अमेरिका आणि रशिया एकाच बाजूनं लढत होते तेव्हा. पण त्यांनी आणि आणखी नऊ जणांनी असा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, अशी भूमिका घेतली. नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहानं ३४६ विरुद्ध १७ मतांनी त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला. लगोलग निर्मात्यांनी त्या दहाही जणांना काम न देण्याचं जाहीर केलं. काळी यादी ती हीच. पुढे ती दहांची शेकड्यांवर गेली. १९५० साली ट्रंबो तुरुंगात गेले आणि सुमारे दहा महिने राहिले.

काम बंद, घर चालवायचं, मुलं लहान. तेव्हा त्यांनी ‘रोमन हॉलिडे’ची कथा लिहिली आणि इयान मॅक्लेलन हंटर या लेखकमित्राच्या नावानं ती विकली. हंटरनी नाव दिलं आणि पैसे ट्रंबोंकडे पोचवले. पटकथेवर हंटर आणि इंग्लंडचे जॉन डायटन यांनी काम केलं. १९५४ साली उत्कृष्ट कथेचं ऑस्कर जाहीर झालं ते हंटर यांच्या नावानं. ज्यानं गोष्ट लिहिली त्याचं नाव कुठेच नाही. तोवर हंटर स्वतःही काळ्या यादीत गेले होते! तीन वर्षांनी ट्रंबोंच्या आणखी एका कथेला ऑस्कर मिळालं, तेही ‘रॉबर्ट रिच’ या नावाला, आणि असा माणूसच अस्तित्वात नव्हता. १९६० साली ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्झोडस’वर त्यांचं खरं नाव आलं आणि काळ्या यादीला खिंडार पडलं. ट्रंबो १९७६ साली वारले. ‘रोमन हॉलिडे’चं ऑस्कर १९९३ साली त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आलं. त्याच वर्षी जानेवारीत ऑड्री गेली होती. हंटर १९९१ मध्येच गेले होते. आणि पटकथेचं पूर्ण श्रेय लेखकांच्या संघटनेनं त्यांना दिलं ते २०११ च्या डिसेंबरमध्ये. सिनेमा येऊन अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

पण काळ्या यादीतून सुटायला एक सोपा रस्ता होता. समितीपुढे जायचं आणि दुसऱ्यांची नावं सांगायची. समितीला ती नावं बहुतेक आधीच ठाऊक असत. त्यांना नाव नको असे, तुमच्या तोंडून नाव हवं असे. पुष्कळांनी सांगितली. त्या दहांपैकीच एक, एडवर्ड दिमित्रिक, तुरुंगातून सुटल्यावर १९५१ साली समितीपुढे बोलले. इलिया कझान या फार मोठ्या दिग्दर्शकानं एप्रिल १९५२ मध्ये आपल्या नाटकातल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली. आणि त्याच उन्हाळ्यात, हजारो मैलांवर रोममध्ये, एक सिनेमा तयार होत होता, ज्यात एक गरीब, कर्जबाजारी बातमीदार, हातात नाव आणि फोटो दोन्ही असताना, सांगत नाही.

शिक्षक म्हणून एक सावधगिरी बाळगायला हवी. योगायोगाला पुरावा म्हणू नये, हे मीच मुलांना शिकवलं आहे. सिनेमा अनेक हातांतून जातो, आणि शेवटाचं श्रेय एकाच माणसाच्या आयुष्याला देणं बरं नव्हे. पण ट्रंबोंनी ही कथा लिहिली तेव्हा समितीपुढची साक्ष होऊन गेली होती. आणि १९४७ साली त्या दहांच्या बाजूनं हॉलिवूडमध्ये जी समिती उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी एक होते विल्यम वायलर. नाव सांगण्याची किंमत काय आणि न सांगण्याची काय, हे या माणसांना कुणी शिकवायला नको होतं.

हे सगळं वाचल्यावर मी तो शेवटचा प्रसंग पुन्हा एकटीनं पाहिला. आणि मला डिसेंबर १९७५ आठवला.

आणीबाणी लागून सहा महिने झाले होते. आमच्या सातारा जिल्ह्यातच, कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी तिथे लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि आजारी जयप्रकाशजींसाठी सगळ्या सभेला उभं राहून प्रार्थना करायला लावली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. आमच्या शाळेतले मराठीचे एक सर कराडला जाऊन आले. त्यांनी आठवेल तसं सगळं कागदावर उतरवून आणलं. पण सरांचं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग. दहावीची मुलं त्यांच्या फळ्याला हसायची. त्यांनी मला विचारलं, “बाई, तुमचं अक्षर सुवाच्य आहे. चार प्रती काढून द्याल?” मी चोवीस वर्षांची, नोकरीत नवी. मोठ्या हौसेनं कंदिलाशेजारी बसून दोन रात्री त्या प्रती काढल्या. आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं.

दीड महिन्यानं मला ऑफिसात बोलावलं. समोर बाहेरून आलेले एक गृहस्थ बसले होते. टेबलावर माझ्या अक्षरातली एक प्रत. माझे पाय गार पडले. पण त्यांनी अक्षराबद्दल विचारलंच नाही. “हे स्टाफरूममध्ये कुणी आणलं?” एवढंच. कुणी धमकी दिली नाही. कुणी ओरडलंही नाही. चहा मागवला होता. आणि मी सरांचं नाव सांगितलं.

लगेच सांगितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सरांना बोलावलं. त्यांना विचारलं की हे अक्षर कुणाचं. सर म्हणाले, माझंच. ज्या माणसाचं अक्षर अख्ख्या शाळेला ठाऊक, त्यानं ते मोत्यांसारखं अक्षर आपलं म्हणून सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी लिहून घेतलं. सरांना त्या महिन्यापासून घरी बसवलं. पगार बंद. घरात म्हातारे आई-वडील आणि दोन मुलं. वर्षभर त्यांनी शिकवण्या करून काढलं. हे अक्षराचं मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. कितीतरी वर्षांनी, निवृत्त होताना, आमच्या कारकुनांनी सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांना वाटलं, मला माहीत असेल.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि जूनमध्ये सर परत कामावर आले. स्टाफरूममध्ये शिरले, नेहमीच्या खुर्चीवर बसले. सगळे उठून भेटले. मी कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते, मान वर करायची हिंमत नव्हती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, नववीचा पहिला धडा सुरू केलात का?” मी म्हटलं, “हो सर, कालच.” ते म्हणाले, “छान.”

एवढंच. नंतर सोळा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो. त्यांनी कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. माझं नाव कुणी घेतलं हे त्यांना माहीत होतं का, असं मी स्वतःला फार वर्षं विचारत राहिले. हा प्रश्नही एक पळवाट होती. ऑफिसात त्यांच्याआधी कोण जाऊन आलं हे त्यांनी व्हरांड्यातून पाहिलं होतं.

म्हणून तो शेवटचा प्रसंग मला आता निराळा दिसतो. भरल्या दालनात दोन माणसं अगदी कोरडी, सभेत शोभणारी वाक्यं बोलतात आणि एक दुसऱ्याला सांगतो: घाबरू नका, तुमचं नाव माझ्याजवळ सुरक्षित आहे. बावीसाव्या वर्षी मला वाटलं होतं की इथे प्रेम हरलं. नववीच्या धड्याबद्दलचं ते वाक्य ज्यानं ऐकलं आहे त्याला तसं वाटणार नाही. सिनेमात राजकन्या निदान त्याच्या डोळ्यांत बघून, हात हातात घेऊन, मनातलं सांगून जाते. मी वहीतून मान वर काढली नाही.

दोन्हीकडची शांतता मात्र सारखी नव्हती, हे मला उशिरा कळलं. सर गप्प राहिले ते मला वाचवायला. मी गप्प राहिले तीही मलाच वाचवायला.

१९७० साली ट्रंबोंना लेखक संघटनेनं मोठा सन्मान दिला. त्या भाषणात ते म्हणाले होते की त्या काळात खलनायक किंवा नायक, संत किंवा सैतान शोधत बसू नका. आपण सगळे बळीच होतो. किती मोठं मन! ज्याचं सगळं गेलं तो असं बोलतो. पण त्यांच्याच बरोबर तुरुंगात गेलेल्या अल्बर्ट मॉल्ट्झ यांना ते पटलं नाही, आणि त्यांनी तसं उघडपणे सांगितलं. नावं सांगणारा आणि न सांगणारा एकाच मापानं कसा मोजायचा? १९९९ साली कझान यांना जीवनगौरवाचं ऑस्कर दिलं तेव्हाही तेच झालं. सभागृहात काही लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, काही हाताची घडी घालून बसून होते. सत्तेचाळीस वर्षांनंतरसुद्धा!

मी दोन्ही बाजू वाचल्या. ट्रंबोंचं म्हणणं मला सोयीचं आहे, म्हणूनच ते मी घेणार नाही. ते म्हणायचा हक्क त्यांचा होता, सरांचा होता. माझा नाही. माझ्या बाजूनं मॉल्ट्झच बरोबर.

आणि तरीही हा सिनेमा मला छळत नाही, धीर देतो. कारण जो ब्रॅडली काही साधू नव्हे. तो सुरुवातीला तिला विकायलाच निघालेला आहे. सौदा ठरवलेला आहे, फोटो काढून झालेले आहेत. सकाळी जो माणूस विकणारा होता तो दुसऱ्या दिवशी न विकणारा होतो. मला त्या वेळी पाच मिनिटं मिळाली होती, त्याला एक अख्खा दिवस मिळाला, एवढंच म्हणत मी बसत नाही. पण माणूस एका बाजूनं सुरुवात करून दुसऱ्या बाजूला पोचू शकतो, हे दाखवणारी गोष्ट एका अशा माणसानं लिहिली ज्याला मित्रांची नावं विचारली जात होती, आणि तिच्यावर स्वतःचं नावही घालता येत नव्हतं. हे माझं तिसरं उत्तर.

सर २००९ साली गेले. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. कारकुनांकडून मला अक्षराची गोष्ट कळली ती एप्रिलमध्ये. सर गेले फेब्रुवारीत. दोन महिन्यांचा फरक. ह्यांनाही मी कधी सांगितलं नाही. शाळेत सरांबद्दल बोलायची वेळ आली की मी त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलत असे, अक्षरावरून सगळ्यांबरोबर हसतही असे.

ट्रंबोंना पूर्ण श्रेय मिळायला अठ्ठावन्न वर्षं लागली, माझं नाव माझ्या चुकीखाली यायला जवळजवळ पन्नास. सरांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. एकदा सांगून झालं आहे तेवढं पुरे. त्या चार प्रती कुणाच्या जुन्या ट्रंकेत अजून असतील तर एवढं लक्षात ठेवा, की ते अक्षर माझं आहे.

घरातल्या मंडळींनी लगेच फोन करून “हे कशाला लिहिलंस” असं विचारू नये. दोन दिवस जाऊ द्या, मग करा. आणि त्याआधी जमलं तर सिनेमा बघा. चप्पल निसटते तिथे हसा मात्र. तो प्रसंग मला अजूनही तितकाच आवडतो.